लिनक्समधील साधने आणि सामायिक लायब्रऱ्या : काय कुठे बसवावे?

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. चालू स्थितीतील, पण नव्या विंडोजच्या अटींत न बसणाऱ्या संगणकांचे काय करावे, हा प्रश्न त्यानंतर घरोघरी आणि लहान कार्यालयांतून उभा राहिला. त्यावरचा एक उपाय म्हणून लिनक्सकडे पाहिले जाते. लिनक्स बसवणे आता अवघड राहिलेले नाही. अडचण येते ती पुढे. वितरणाच्या भांडारात नसलेले एखादे साधन हवे असते, किंवा भांडारातील आवृत्ती जुनी वाटते. सोर्स कोड उतरवून घेतला जातो, तो कंपाइल होतो आणि मग तयार झालेली फाइल ठेवायची कुठे, असा प्रश्न पडतो. विंडोजमध्ये बहुतेक सॉफ्टवेअर 'प्रोग्राम फाइल्स' या एकाच जागी जाते. लिनक्समध्ये एकाच साधनाचे भाग चार-पाच ठिकाणी विभागले जातात आणि नवख्याला त्यात काही संगती दिसत नाही.

संगती आहे, आणि ती एका वाक्यात सांगता येते. फाइल कोणत्या प्रकारची आहे याने तिची खोली ठरते, पण तिचे घर ठरते ते ती कोणी आणली यावरून. वितरणाने आणलेल्या वस्तूंचे घर वेगळे, संगणकाच्या प्रशासकाने स्वतः बसवलेल्यांचे वेगळे, बाहेरच्या कंपनीने बांधून दिलेल्यांचे वेगळे आणि एका वापरकर्त्यापुरत्या वस्तूंचे वेगळे. ही मालकीची रेषा ओलांडली गेली की आज चाललेले साधन पुढच्या अपडेटनंतर बंद पडते, आणि कधीकधी त्याच्यासोबत सगळा संगणकही बंद पडतो.

या लेखात डिरेक्टऱ्यांची आणि आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागतात.

नोंदीतली मालमत्ता

डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या प्रत्येक वितरणात एक पॅकेज व्यवस्थापक असतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये तो डीपीकेजी, तर फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात आरपीएम. ही साधने केवळ फाइली उतरवून ठेवत नाहीत, तर कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, याची नोंदवहीही राखतात. गोव्यात जमिनीच्या तुकड्यावर कोणाचे नाव आहे हे जसे एक-चौदाच्या उताऱ्यावरून कळते, तसे एखादी फाइल कोणाच्या नावावर आहे हे या नोंदवहीला विचारता येते. /यूएसआर या डिरेक्टरीच्या आत, 'लोकल' हा एक भाग वगळता, जे जे आहे ते सारे या नोंदवहीच्या अखत्यारीत येते. /यूएसआर/बिनमध्ये चालवण्याची साधने असतात, /यूएसआर/एसबिनमध्ये प्रशासकाची, /यूएसआर/लिबमध्ये लायब्रऱ्या आणि /यूएसआर/शेअरमध्ये मदतपाने, चित्रे, फाँट अशी सामग्री.

त्या जागेत हाताने फाइल ठेवली तर तत्काळ काहीच बिघडत नाही, आणि धोका इथेच आहे. साधन चालते, काम होते, गोष्ट विसरली जाते. काही महिन्यांनी वितरणाचे अपडेट येते. त्यात त्याच नावाची फाइल असेल, तर नोंद नसलेली फाइल कोणतीही विचारणा न करता पुसली जाते आणि तिच्या जागी वितरणाची फाइल येते. /ईटीसीमधील सेटिंगच्या फाइलींना डेबियन वेगळी वागणूक देते. तिथे प्रशासकाने बदल केलेला आढळला तर जुनी ठेवू की नवी घेऊ, असे विचारले जाते. /यूएसआरमध्ये अशी चौकशी होत नाही, कारण तिथे प्रशासकाने काही ठेवावे अशी अपेक्षाच नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच महाग पडते. वितरणाच्या एखाद्या साधनावर प्रशासकाने आपली आवृत्ती चढवली, तर नोंदवहीत जुनीच आवृत्ती दिसत राहते. सेंटओएस ७ या प्रणालीवर हा प्रसंग अनेकांनी ओढवून घेतला. तिचा पॅकेज व्यवस्थापक यम हा पायथन २.७ वर चाले. नवे पायथन हवे म्हणून कोणी मूळ पायथनचा दुवाच बदलला की यम बंद पडे, आणि बिघाड दुरुस्त करण्यासाठी जे साधन लागते तेच नेमके हाताशी नसे.

जुळ्या डिरेक्टऱ्यांचा इतिहास

जुन्या पुस्तकांत /बिन आणि /यूएसआर/बिन, /लिब आणि /यूएसआर/लिब अशा जोड्या दिसतात आणि त्यांतील फरकावर पानेच्या पाने खर्ची पडलेली आढळतात. या जोड्यांचे मूळ डिस्कच्या तुटवड्यात आहे. डेनिस रिची आणि केन थॉम्प्सन यांनी १९७४ मध्ये युनिक्सवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तेव्हा बेल लॅब्जमधील त्यांच्या पीडीपी-११/४५ यंत्राला १ मेगाबाइटची एक स्थिर डिस्क आणि प्रत्येकी २.५ मेगाबाइटच्या काढता येणाऱ्या डिस्का होत्या. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र तेवढ्या जागेत मावत नाही. एका डिस्कवर प्रणाली मावेना तेव्हा तिचा काही भाग दुसऱ्या डिस्कवर गेला. त्या डिस्कवर वापरकर्त्यांच्या फाइली असत आणि 'यूएसआर' हे नाव 'युझर'वरूनच आले होते. वापरकर्ते पुढे /होममध्ये राहायला गेले, नाव मात्र मागे राहिले.

लहान डिस्कचे कारण संपल्यावर या विभागणीला नवी कारणे चिकटवण्यात आली. संगणक सुरू होताना आणि दुरुस्तीच्या वेळी /यूएसआर जोडलेले नसेल तर किमान साधने हाताशी असावीत, हे त्यांतले प्रमुख. एका काळी त्यात तथ्य होते. आता ते काम सुरुवातीला स्मृतीत उतरणारी छोटी प्रणाली करते. त्यामुळे फेडोराने २०१२ मधील १७ व्या आवृत्तीत दोन्ही जोड्या एकत्र केल्या. डेबियनने हाच बदल बऱ्याच वादानंतर २०२३ मधील १२ व्या आवृत्तीत बंधनकारक केला. आता /बिन हा केवळ /यूएसआर/बिनकडे नेणारा दुवा आहे. फेडोराने २०२५ मधील ४२ व्या आवृत्तीत एसबिनही बिनमध्ये विलीन केले. तेव्हा साधन /बिनमध्ये ठेवावे की /यूएसआर/बिनमध्ये, या जुन्या वादात आता वेळ घालवण्याचे कारण नाही. दोन्ही जागा वितरणाच्या आहेत आणि हाताने बसवलेले साधन दोन्हींत जाऊ नये.

या मांडणीचा लिखित नियम फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड या नावाने ओळखला जातो. त्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी १९९४ मध्ये आला, दीर्घकाळ प्रमाण मानली गेलेली २.३ ही आवृत्ती २००४ मध्ये, आणि ३.० ही आवृत्ती जून २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनने प्रसिद्ध केली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे बॉस लिनक्स हे डेबियनवर उभे असल्याने डेबियनबद्दल पुढे जे सांगितले आहे ते त्यालाही लागू पडते.

प्रशासकाची जागा : /यूएसआर/लोकल

संपूर्ण संगणकासाठी स्वतः बसवलेल्या साधनाची योग्य जागा /यूएसआर/लोकल ही आहे. तिच्या आत बिन, एसबिन, लिब, शेअर, ईटीसी अशी /यूएसआरचीच छोटी प्रतिकृती असते. सर्वांनी वापरायचे साधन लोकल/बिनमध्ये, केवळ प्रशासकाच्या कामाचे लोकल/एसबिनमध्ये, लायब्ररी लोकल/लिबमध्ये. डेबियनच्या धोरणानुसार कोणतेही अधिकृत पॅकेज इथे फाइल ठेवू शकत नाही. फार तर रिकामी डिरेक्टरी तयार करू शकते. वितरणाने या जागेवरचा हक्क असा स्वतःहून सोडून दिलेला असल्यामुळे इथे ठेवलेली वस्तू अपडेटमध्ये पुसली जात नाही.

सोर्स कोडवरून बसवणी करणारी बहुतेक साधने हे जाणून असतात. 'कॉन्फिगर' आणि 'मेक' या जोडीने बसणारे साधन काही न सांगता /यूएसआर/लोकलमध्येच जाते आणि सीमेकचाही तोच पायंडा आहे. इंटरनेटवरील काही जुन्या सूचनांत 'प्रिफिक्स' म्हणून /यूएसआर द्यायला सांगितलेले असते. ती सूचना पॅकेज बांधणाऱ्यांसाठी असते. घरच्या संगणकावर ती तशीच पाळणे म्हणजे दुसऱ्याच्या नावावरील जमिनीत पाया खणणे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आज्ञा शोधण्याची जी यादी 'पाथ' या नावाने प्रत्येक सत्रात असते, तिच्यात /यूएसआर/लोकल/बिनचा क्रम /यूएसआर/बिनच्या आधी लागतो. त्यामुळे दोन्हीकडे एकाच नावाचे साधन असेल तर लोकलमधले चालते. नवी आवृत्ती वापरायची असेल तर हे सोयीचे आहे. पण तीच आवृत्ती तीन वर्षांनी जुनी होते. वितरणाचे साधन दरम्यान सुधारत जाते आणि प्रशासक मात्र पाथच्या क्रमामुळे आपली शिळी प्रतच चालवत राहतो.

/यूएसआर/लोकलची दुसरी उणीव म्हणजे तिला नोंदवहीच नाही. 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञा शेकडो फाइली पसरवून मोकळी होते आणि त्या काढायच्या झाल्या की कोणती कुठली हे कोणाला ठाऊक नसते. काही साधने 'मेक अनइन्स्टॉल' देतात, पण त्यासाठी मूळ सोर्स कोडची डिरेक्टरी जपून ठेवलेली असावी लागते. यावर जीएनयू स्टो हे जुने आणि अत्यंत साधे साधन उपयोगी पडते. प्रत्येक सॉफ्टवेअर /यूएसआर/लोकल/स्टोच्या आत स्वतःच्या नावाच्या व आवृत्तीच्या डिरेक्टरीत पूर्णपणे ठेवायचे आणि स्टोने तेथून बिन, लिब यांत केवळ दुवे काढायचे. साधन नको झाले की एका आज्ञेने दुवे जातात आणि एक डिरेक्टरी पुसली की काम संपते. ज्यांच्याकडे दोन-चारपेक्षा अधिक साधने हाताने बसवलेली आहेत त्यांनी हा शिस्तीचा मार्ग सुरुवातीपासूनच धरलेला बरा.

सामायिक लायब्ररी म्हणजे काय, आणि ती सापडते कशी

साधन चुकीच्या जागी असले तर फार तर ते सापडत नाही. लायब्ररी चुकीच्या जागी असली तर तिच्यावर अवलंबून असलेली इतर पन्नास साधने बिघडू शकतात. म्हणून तिचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो.

अनेक प्रोग्रामना लागणारे काम प्रत्येकाने पुन्हा लिहू नये, यासाठी ते एका स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतात आणि प्रोग्राम सुरू होताना ती फाइल जोडून घेतली जाते. हीच सामायिक लायब्ररी. मराठी वाचकांच्या रोजच्या उपयोगातले उदाहरण हार्फबझ या लायब्ररीचे आहे. 'लायब्रऱ्या' या शब्दातील 'ऱ्या' हे अक्षर फाइलमध्ये सुट्या खुणांच्या रांगेत साठवलेले असते. त्या खुणांवरून फाँटमधील नेमका आकार निवडणे, वेलांटी अक्षराच्या मागे नेणे, रफार डोक्यावर चढवणे ही कामे हार्फबझ करते. बेहदाद एस्फाबोद हे तिचे प्रमुख कर्ते. नावातला 'हर्फ' हा फारसीत अक्षर या अर्थाने येतो. मराठीत 'एक हरफही काढला नाही' असे म्हणताना तोच शब्द ओठांवर असतो. ग्नोम डेस्कटॉपवरील बहुतेक खिडक्यांतील देवनागरी मजकूर पँगो या लायब्ररीमार्फत हार्फबझकडे जातो आणि लिब्रेऑफिसही तिच्यावरच अवलंबून आहे. फायरफॉक्स मात्र आपली वेगळी प्रत सोबत बाळगतो.

डेबियनमध्ये या लायब्ररीची प्रत /यूएसआर/लिबच्या आत, एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू अशा लांबलचक नावाच्या डिरेक्टरीत असते. एकाच संगणकावर ३२ आणि ६४ बिटांच्या लायब्रऱ्या एकत्र नांदाव्यात म्हणून डेबियनने ही रचना स्वीकारली. फेडोरा आणि रेड हॅटमध्ये त्याच कामासाठी /यूएसआर/लिब६४ आहे. म्हणजे एका वितरणासाठी लिहिलेली लायब्ररीची जागा दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

लायब्ररीला एकाच वेळी तीन नावे असतात. पूर्ण आवृत्तीसह असते ते खऱ्या फाइलचे नाव. त्याहून आखूड, केवळ मुख्य क्रमांक असलेले, 'लिबहार्फबझ.एसओ.०' असे नाव हे त्या फाइलकडे नेणारा दुवा असते. याला सो-नेम म्हणतात आणि प्रोग्राम सुरू होताना हेच नाव शोधले जाते. तिसरे, शेवटी क्रमांक नसलेले नाव केवळ नवीन प्रोग्राम कंपाइल करताना लागते आणि ते विकासकांसाठीच्या वेगळ्या पॅकेजमधून येते. सो-नेममधला क्रमांक हा एक करार आहे. तो बदलला नाही, तर जुन्या आवृत्तीसाठी बांधलेला प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालेल, असे लायब्ररीचे कर्ते सांगत असतात. नव्यासाठी बांधलेला प्रोग्राम जुन्यावर चालेल, अशी हमी कोणी देत नाही.

या कराराची एकच बाजू बांधील असल्यामुळे घोटाळा होतो. डेबियनमध्ये लायब्रऱ्या शोधण्याच्या जागा /ईटीसीमधील 'एलडी.एसओ.कॉन्फ.डी' या डिरेक्टरीत लिहिलेल्या असतात आणि तिथे /यूएसआर/लोकल/लिब व तिच्या आतील जागा वितरणाच्या जागेच्या आधी लागतात. समजा, देवनागरीतील एखादा दोष दूर करणारी नवी हार्फबझ हवी म्हणून कोणी ती स्वतः बांधून लोकलमध्ये ठेवली. सो-नेम तेच असल्यामुळे त्या क्षणापासून लिब्रेऑफिस, फाइल व्यवस्थापक, डेस्कटॉप असे सगळेच लोकलमधली प्रत वापरू लागतात. दोन वर्षे सारे सुरळीत चालते. पुढे प्रणाली नव्या आवृत्तीवर जाते, नवी पँगो येते आणि ती हार्फबझमध्ये नंतर आलेले एखादे फंक्शन मागते. लोकलमधल्या आता जुन्या झालेल्या प्रतीत ते नसते. मग 'सिम्बॉल लुकअप एरर' एवढा संदेश देऊन एकामागून एक प्रोग्राम उघडायचे थांबतात आणि ग्नोमचा डेस्कटॉप तर सुरूच होत नाही. एका मजकुराच्या दुरुस्तीसाठी बसवलेली फाइल सबंध यंत्र अडवून ठेवते, आणि दोष मात्र नव्या आवृत्तीच्या माथी मारला जातो.

म्हणून लायब्ररीच्या बाबतीत नियम साधनापेक्षा कडक आहे. वितरणात नसलेली लायब्ररी /यूएसआर/लोकल/लिबमध्ये निर्धास्त ठेवावी. वितरणात त्याच सो-नेमची असलेली लायब्ररी मात्र तिथे ठेवू नये. ती एका ठरावीक साधनासाठीच हवी असेल तर त्या साधनाच्या स्वतःच्या डिरेक्टरीत ठेवावी, आणि साधन बांधतानाच त्याला तिचा पत्ता द्यावा. हा पत्ता प्रोग्रामच्या फाइलमध्येच कोरला जातो आणि तो 'रनपाथ' म्हणून ओळखला जातो. शेजारच्या प्रोग्रामना त्याचा उपसर्ग होत नाही.

शोधाचा पूर्ण क्रम ध्यानात असला तर बिघाडाचे निदान लवकर होते. आधी 'एलडी_लायब्ररी_पाथ' या चलात दिलेल्या जागा, मग प्रोग्राममध्ये कोरलेला रनपाथ, मग एलडीकॉन्फिगने तयार केलेली यादी, आणि शेवटी /लिब व /यूएसआर/लिब या ठरलेल्या जागा. कोरलेल्या पत्त्याचा 'आरपाथ' हा एक जुना प्रकार आहे. तो या सर्वांच्या आधी पाहिला जातो, पण प्रोग्राममध्ये रनपाथ असेल तर दुर्लक्षिला जातो.

यातली एलडीकॉन्फिगची पायरी सर्वाधिक विसरली जाते. नवी लायब्ररी योग्य जागी ठेवली तरी प्रशासकाने एलडीकॉन्फिग ही आज्ञा चालवल्याखेरीज ती यादीत येत नाही. हीच आज्ञा सो-नेमचे दुवेही तयार करते. फेडोरा आणि रेड हॅटवर आणखी एक अडसर असतो. तिथे /यूएसआर/लोकल/लिब ही जागा मुळात शोधयादीतच नसते. त्यामुळे डेबियनवर विनातक्रार चाललेली कृती तिथे 'सामायिक लायब्ररीची फाइल उघडता येत नाही' अशा संदेशाने अडते. फाइल तर डोळ्यांसमोर असते. /ईटीसीमधील त्या डिरेक्टरीत एका ओळीची नवी फाइल करून त्यात जागेचे नाव लिहिले आणि एलडीकॉन्फिग चालवले की प्रश्न मिटतो.

डेबियनच्या १० व्या आवृत्तीपासून याच आज्ञेभोवती आणखी एक गोंधळ दिसू लागला. 'एसयू' ही आज्ञा नुसती दिली तर जुन्या वापरकर्त्याचाच पाथ कायम राहतो, त्यात एसबिन नसते, आणि एलडीकॉन्फिग संगणकात असूनही सापडत नाही अशी तक्रार पॅकेज व्यवस्थापक करतो. 'एसयू'च्या पुढे एक आडवी रेघ दिली की प्रशासकाचा पूर्ण पाथ मिळतो.

एलडी_लायब्ररी_पाथ हे चल चाचणीसाठी उत्तम आहे. ते सत्राच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कायमचे लिहून ठेवणे ही मात्र वाईट सवय. त्या सत्रातून निघणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला ते लागू होते. यादीत चुकून रिकामी जागा राहिली तर तिचा अर्थ 'सध्याची डिरेक्टरी' असा घेतला जातो, आणि मग कोणीतरी तिथे आणून ठेवलेली भलतीच लायब्ररी जोडली जाऊ शकते. विशेष अधिकाराने चालणारे प्रोग्राम हे चल मानत नाहीत, ते याच कारणास्तव.

एक लायब्ररी कोणत्याही स्थितीत हाताने बदलू नये, ती म्हणजे 'लिबसी.एसओ.६'. जीलिबसी या प्रकल्पाची ही लायब्ररी जवळपास प्रत्येक साधनाचा पाया असते. एखादे नवे साधन जुन्या प्रणालीवर चालवू पाहिले की 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' असा संदेश येतो आणि नवी जीलिबसी आणून बसवण्याचा मोह होतो. तो दुवा एकदा तुटला की यादी दाखवणारी, नक्कल करणारी, दुवा जोडणारी अशी सगळी साधी साधनेही बंद पडतात, कारण त्यांनाही लिबसीच हवी असते. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून दुरुस्ती करावी लागते. असे साधन हवेच असेल तर ते कंटेनरमध्ये चालवावे, जुन्या प्रणालीवर नव्याने कंपाइल करावे, किंवा प्रणालीच नव्या आवृत्तीवर न्यावी.

सुरक्षेची किंमत

स्वतः बसवलेल्या लायब्ररीचे पालकत्वही स्वतःकडेच येते. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता आणि त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त किल्ल्या व पासवर्ड बाहेरच्या माणसाला वाचता येत. वितरणांनी सुधारित लायब्ररी तातडीने दिली. ती एक फाइल बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावर अवलंबून असलेले सर्व प्रोग्राम सुरक्षित होत. सामायिक लायब्ररीचा हा मोठा लाभ. परंतु ज्यांनी लोकलमध्ये स्वतःची ओपनएसएसएल बांधून ठेवली होती, किंवा ज्यांच्या प्रोग्राममध्ये ती आतच मिसळलेली होती, त्यांना वितरणाच्या अपडेटने काहीच मिळाले नाही. पॅकेज व्यवस्थापक सारे काही अद्ययावत असल्याचे सांगे, आणि वापरात मात्र जुनीच प्रत असे. जालाशी संबंध येणारी लायब्ररी हाताने बसवणाऱ्याने तिच्या सुरक्षा सूचना नियमित वाचण्याची तयारी ठेवावी, नाहीतर वितरणाची थोडी जुनी आवृत्तीच वापरावी. 'जुनी' दिसणाऱ्या त्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या बहुधा मागाहून घातलेल्या असतात. क्रमांक तेवढा तोच राहतो.

बाहेरून आलेले आणि घरापुरते

एखाद्या कंपनीने स्वतःच्या लायब्रऱ्यांसह बांधून दिलेले सॉफ्टवेअर /ऑप्टमध्ये, आपल्या नावाच्या डिरेक्टरीत जाते. गूगल क्रोम हे परिचयाचे उदाहरण. त्याच्या फाइली /ऑप्ट/गूगल/क्रोममध्ये असतात आणि /यूएसआर/बिनमध्ये केवळ एक दुवा असतो. अशा सॉफ्टवेअरच्या लायब्रऱ्या शोधयादीत कधीही घालू नयेत. त्या त्याच्यापुरत्याच असतात. एखाद्या साधनाने आतून चालवायचे, माणसाने थेट न चालवायचे मदतनीस प्रोग्राम लिबएक्झेकमध्ये ठेवतात.

पुष्कळदा प्रशासकाचा अधिकार वापरण्याची गरजच नसते. साधन एकाच व्यक्तीला हवे असेल तर तिच्या होम डिरेक्टरीतील '.लोकल/बिन' ही जागा पुरते. डेबियन व उबुंटूवर ही डिरेक्टरी तयार करून पुन्हा लॉगइन केले की ती पाथमध्ये येते. नवा मराठी फाँट स्वतःपुरता हवा असल्यास '.लोकल/शेअर/फाँट्स'मध्ये, सर्वांसाठी हवा असल्यास /यूएसआर/लोकल/शेअर/फाँट्समध्ये ठेवावा आणि एफसी-कॅश ही आज्ञा चालवावी. /यूएसआर/शेअर/फाँट्समध्ये तो टाकण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तीही वितरणाचीच जागा आहे.

पायथनच्या बाबतीत वितरणांनी आता कुंपणच घातले आहे. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून 'पिप'ने प्रणालीच्या पायथनमध्ये काही बसवू पाहिले की पेप ६६८ या ठरावानुसार नकार मिळतो. तो नकार मोडून काढण्याचा पर्यायही संदेशातच सुचवलेला असतो आणि घाईतले लोक तोच वापरतात. प्रकल्पासाठी 'व्हेन्व्ह'ने वेगळे आवरण करणे किंवा स्वतंत्र साधनासाठी पिपएक्स वापरणे याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

काही वितरणांनी तर हा प्रश्न मुळातून बदलला आहे. फेडोरा सिल्व्हरब्लूमध्ये /यूएसआर केवळ वाचता येते आणि /यूएसआर/लोकल हा /वारमधल्या जागेकडे नेणारा दुवा असतो, त्यामुळे चूक करण्याची सोयच उरत नाही. निक्सओएसमध्ये प्रत्येक पॅकेज /निक्स/स्टोअरच्या आत स्वतःच्या वेगळ्या नावाने राहते. एकाच लायब्ररीच्या दहा आवृत्त्याही तिथे भांडण न करता राहू शकतात.

आधीच गोंधळलेल्या संगणकावर काम करण्यापूर्वी मालकी तपासून घ्यावी. 'डीपीकेजी -एस' या आज्ञेतील एस मोठ्या लिपीतला आहे. तिला फाइलचा पूर्ण पत्ता दिला की ती कोणत्या पॅकेजची हे कळते. फेडोरावर तेच काम 'आरपीएम -क्यूएफ' करते. उत्तर आले नाही आणि फाइल /यूएसआरमध्ये पण लोकलबाहेर असेल, तर ती बहुधा कोणीतरी हाताने ठेवलेली आहे. जोड्या एकत्र झालेल्या डेबियनवर /यूएसआर/बिनच्या पत्त्याने उत्तर न आल्यास /बिनच्या पत्त्यानेही विचारून पाहावे, कारण काही नोंदी जुन्या पत्त्यावरच राहिलेल्या असतात. एखादा प्रोग्राम प्रत्यक्षात कोणत्या लायब्रऱ्या उचलतो हे एलडीडी दाखवते. त्या यादीत /यूएसआर/लोकल दिसले तर शोध तिथूनच सुरू करावा. मात्र अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रोग्रामवर एलडीडी चालवू नये, कारण यादी देताना ते काही वेळा तो प्रोग्रामच चालू करते. अशा वेळी 'ऑब्जडम्प -पी' वापरावे. ते फाइल केवळ वाचते. संशयित लायब्ररी सापडल्यावर ती लगेच पुसण्याऐवजी शोधयादीत नसलेल्या दुसऱ्या डिरेक्टरीत हलवावी, एलडीकॉन्फिग चालवावे आणि दोन-चार दिवस सगळी कामे नीट होतात का ते पाहून मगच ती काढून टाकावी.